नाशिकचा सहा फाशींचा खटला: गुन्हा मोठा म्हणून पुरावा मोठा?

आज आपण एका दरोड्याच्या खटल्याचा इतिहास पाहणार आहोत. चाळीसगावहून रेल्वेत बसलं की दोन-अडीच तासांत नाशिक रोड येतं. खटला तिथलाच. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं सापडतो.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ बेलतगव्हाणच्या शिवारातल्या एका घरात दरोडेखोर शिरले. पैसे, दागिने लुटले, बायकांवर अत्याचार केले आणि पाच जणांचा जीव घेतला. एक आई आणि तिचा मुलगा तेवढे जखमी होऊन वाचले. मळ्यात राहणं म्हणजे काय, हे आपल्या खानदेशात कुणाला सांगायला नको. रात्री हाक मारली तर ऐकायला शेजार नसतो. त्यामुळे अशी बातमी आली की पंचक्रोशीची झोप उडते, आणि ‘पकडा आणि लटकवा’ असं लोक म्हणतात. त्यात अस्वाभाविक काही नाही.

पोलिसांनी सहा जणांना पकडलं. सगळे भटक्या जमातींतले, गरीब, मोलमजुरी करणारे. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. आणि ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. म्हणजे सहाच्या सहा!

आता पुढची दहा वर्षं नीट बघा. १९८० च्या बचन सिंग खटल्यात घटनापीठानं सांगितलं होतं, की फाशी फक्त ‘विरळातल्या विरळ’ प्रकरणात द्यावी, आणि ती देताना गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही पाहावेत. २००९ च्या निकालानं मात्र राजस्थानातल्या एका निकालाचा आधार घेतला होता, आणि तो फक्त गुन्ह्याकडे पाहणारा होता. दोनच आठवड्यांनी, मे २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठानं बरियार खटल्यात ही पद्धत चुकीची ठरवली. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा जणांसाठी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली. त्यांत हे सहाही होते. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही पुढे निष्पन्न झालं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हा सगळा वाद शिक्षेचा होता. फाशी की जन्मठेप, एवढाच. ‘यांनी ते केलं का?’ हा प्रश्न सुटलेलाच आहे, असं जणू गृहीत धरलेलं होतं.

२०१४ मध्ये घटनापीठानं ठरवलं, की फाशीच्या प्रकरणातली पुनर्विचार याचिका तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात ऐकावी. त्यामुळे हे बंद झालेलं प्रकरण पुन्हा उघडलं. ५ मार्च २०१९ ला न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शाह यांच्या पीठानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण? घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जूनला, त्या जखमी आईनं पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून चार जणांना ओळखलं होतं. ते चौघे भलतेच होते, या सहांपैकी कुणीच नव्हते. त्या चौघांवर खटला भरलाच नाही, आणि तिचा तो जबाबही दडवून ठेवला गेला.

आम्ही वर्गात तर्कशास्त्र शिकवायचो तेव्हा एक साधी गोष्ट वारंवार सांगायचो: विधान किती भयंकर आहे यावरून ते खरं ठरत नाही. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ होता, तिथला शिलालेख आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असेल. त्या भास्कराचार्यांचाही आग्रह असा, की नुसतं उत्तर पुरत नाही, उपपत्ती हवी. इथे उत्तर आधी ठरलं, आणि गुन्ह्याच्या क्रौर्यानं उपपत्तीची जागा घेतली. खरं तर आरोप जितका भीषण, तितका पुरावा जास्त कडक तपासायला हवा.

न्यायालयानं प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षांनी भागलं तर महिन्याला साधारण २,६०० रुपये पडतात. चुकार पोलिसांवर कारवाई करा आणि त्या चौघांचा पुढे तपास करा, असाही आदेश दिला.

न्यायाला उशीर होतो म्हणून आपण सगळेच चिडतो, आणि ते रास्तही आहे. उशिरानं या सहा जणांची उमेदीची वर्षं खाल्ली. पण २०१० मध्येच त्यांना फासावर चढवलं असतं तर तो अल्बम कुणी उघडला असता? आणि त्या आईचं काय? तिला न्याय द्यायचा म्हणून सहा फाशी ठोठावल्या, आणि तिनं दोन दिवसांत जे सांगितलं होतं, ते ऐकायला मात्र सोळा वर्षं लागली. फाशीच्या बाजूनं असा किंवा विरुद्ध, तिच्या त्या जबाबाला आधी उत्तर द्यावं लागेल.