जव्हार-मोखाड्यात मत कसे आले

स्वातंत्र्यापूर्वी जव्हार आणि मोखाडा हे शेजारचे दोन मुलूख दोन वेगळ्या सत्तांखाली होते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. महादेव कोळी समाजातल्या जायबा मुकणे यांनी चौदाव्या शतकात ते उभे केले, अशी परंपरा आहे. क्षेत्रफळ सुमारे 310 चौरस मैल आणि 1901 च्या शिरगणतीत लोकसंख्या 47,538. मोखाडा हा इंग्रजी अंमलातल्या ठाणे जिल्ह्याचा पेटा, म्हणजे तालुक्याहून लहान महसुली विभाग, होता. दोन्हीकडचे डोंगर तेच, नाचणी-वरईची शेती तीच, आणि वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी ही माणसेही तीच. हद्दीच्या एका बाजूला राजाचा हुकूम चाले, दुसऱ्या बाजूला कलेक्टरचा. आपल्यावर राज्य कोणी करावे, हे तिथल्या माणसाला दोन्हीकडे कोणी विचारत नव्हते.

मोखाड्याची गोष्ट जरा बारकाईने पाहण्याजोगी आहे. 1935 च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना निवडून आलेली मंत्रिमंडळे दिली, पण काही आदिवासी मुलूख त्यातून ‘अंशतः वगळलेले’ म्हणून बाजूला ठेवले. ठाणे जिल्ह्यात डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे या यादीत होते. विधिमंडळाने केलेला कायदा तिथे आपोआप लागू होत नसे, त्यासाठी गव्हर्नरचा वेगळा आदेश लागे. सांगितलेला हेतू संरक्षणाचा होता. प्रत्यक्षात कूळ, साहूकार आणि जंगलखाते यांच्यातले जुने नाते जसेच्या तसे राहिले. 1937 ची निवडणूक झाली तेव्हा मताचा हक्क शेतसारा, मालमत्ता किंवा शिक्षण यांच्याशी बांधलेला होता. ज्याच्या नावावर जमीनच नाही आणि ज्याने शाळेचे तोंड पाहिलेले नाही, त्याला मतदारयादीत जागा मिळणे कठीण होते. या मुलखात बहुसंख्य माणसे तशीच होती.

मुंबई सरकारने सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून अशा मुलखांची पाहणी करून घेतली आणि 1939 च्या सुमारास त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. जंगलपट्टीतल्या कुळाला जमीनदार म्हणेल तितके दिवस त्याच्या कामावर जावे लागते, दिवसाला फार तर एक आणा मिळतो आणि नकार दिला तर मार बसतो, हे त्यात सरकारी भाषेत नोंदलेले आहे. या वेठीला जोडूनच खावटीचे आणि लग्नाचे कर्ज येई. पावसाळ्यात पोटासाठी धान्य उचलायचे आणि सुगीला ते वाढवून फेडायचे. लग्नासाठी पैसे उचलले तर नवरा-बायको दोघांनीही सावकाराच्या घरी राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटेपर्यंत राबायचे असा करार असे, पण कर्ज सहसा फिटतच नसे.

या मुलखात लोकशाहीची सुरुवात मतपेटीने झाली नाही. ती वेठ नाकारण्यातून झाली. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याच्या परिषदेत लाल बावट्याच्या किसान सभेने या प्रश्नाला हात घातला आणि 23 मे 1945 रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. किसान सभेचे कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, ठरलेल्या मजुरीशिवाय गवत कापायचे नाही, असे ठरले आणि माणसे घरी जाऊन तसेच वागली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. लाल बावट्याची ही चळवळ डहाणू-उंबरगावातून पालघर आणि जव्हारकडेही पसरली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तिची हकिकत लिहिली आहे. सभेला येणे, हात वर करणे, ठराव पाळणे आणि पुढाऱ्याला जाब विचारणे हे सारे इथली माणसे मतदार होण्याआधी शिकली. पुढच्या घडामोडींचे मूळ या क्रमात आहे.

1948 मध्ये जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि जव्हार हा ठाणे जिल्ह्याचा तालुका झाला. 1950 च्या राज्यघटनेने एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला मत दिले. शेतसारा, मालमत्ता, अक्षरओळख यांपैकी कोणतीही अट उरली नाही.

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर खूण करायची नव्हती. मतदान केंद्राच्या आडोशाला लोखंडी पेट्या ओळीने मांडलेल्या असत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह डकवलेले. काँग्रेसची बैलजोडी, कम्युनिस्टांचे विळा-कणीस, समाजवाद्यांचे झाड. हातातला कागद आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायचा, एवढेच काम. जंगलपट्टीतल्या माणसासाठी कागद म्हणजे तोवर सावकाराचा कागद होता. त्यावर अंगठा उमटवायचा आणि त्यात काय लिहिले आहे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे. या कागदावर अंगठा नव्हता, नाव नव्हते. तो कोणत्या पेटीत पडला हे सावकारालाही कळण्याचा मार्ग नव्हता. देशात तेव्हा शंभरातली ऐंशीहून अधिक माणसे निरक्षर होती आणि ही पद्धत त्यांच्यासाठीच बेतलेली होती.

जगाच्या इतिहासात मताचा हक्क असा एका फटक्यात क्वचितच मिळाला आहे. अमेरिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिथल्या बहुतेक राज्यांनी गोऱ्या पुरुषांवरची मालमत्तेची अट काढून टाकली. मिरवणुका, सभा, पक्षांची वर्तमानपत्रे आणि गावोगावच्या समित्या यांनी राजकारण रस्त्यावर आणले. 1824 च्या अध्यक्षीय निवडणुकीत पात्र मतदारांपैकी जेमतेम चौथा हिस्सा मतदानाला आला होता. 1828 मध्ये अँड्र्यू जॅक्सन निवडून आले तेव्हा तो निम्म्याच्या वर गेला आणि 1840 मध्ये ऐंशी टक्क्यांजवळ पोचला. पण याच लोकप्रिय जॅक्सन यांच्या कारकिर्दीत, 1830 साली, मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हटवण्याचा कायदा झाला. जमिनीच्या भुकेने पेटलेल्या नव्या मतदारांना तो हवाच होता. गुलाम आणि स्त्रिया यांना मत नव्हते, आणि मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळायला 1924 साल उजाडले. तिथे लोकशाही पसरत गेली तशी जंगलातली माणसे तिच्या बाहेर ढकलली गेली. जव्हार-मोखाड्यात वारली स्त्रीचे मत आणि मुंबईच्या गिरणीमालकाचे मत एकाच दिवशी एकाच वजनाचे झाले. भारतीय घटनेचे हे मोठेपण आजही पुरेसे सांगितले जात नाही.

मत मिळाल्यावर ते कोणाकडे गेले, हेही पाहण्यासारखे आहे. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ठाणे मतदारसंघातून शामराव परुळेकर लोकसभेत गेले. वेठ मोडायला आलेला माणूस बारा वर्षांनी खासदार झाला. 1962 मध्ये काँग्रेसतर्फे भिवंडीतून निवडून आले ते यशवंतराव मुकणे, म्हणजे जव्हारचे शेवटचे राजे. ज्या गादीला सहा शतके कोणाचे मत लागले नव्हते, तिचा वारस आता पेट्या उघडण्याची वाट पाहत होता. 1977 मध्ये डहाणूच्या राखीव मतदारसंघातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम निवडून आले. राजवाड्याविषयीचा आदर आणि लाल बावट्याची आठवण या दोन्ही गोष्टी याच पट्ट्यात अनेक वर्षे शेजारी नांदल्या. पुढे भूमिसेना, कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना यांनी जमीन, वेठबिगारी आणि जंगलहक्क यांचे लढे पक्षांच्या चौकटीबाहेरून चालवले. मतदान पाच वर्षांतून एकदाच येते, जंगलखात्याशी गाठ मात्र रोजची असते, त्यामुळे अशा संघटनांची गरज पडत राहिली.

मताची मर्यादा 1992 मध्ये फार क्रूरपणे दिसली. त्या वर्षी जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मोठ्या संख्येने बालके दगावली. चाळीस वर्षे मतदान करत आलेल्या पाड्यांपर्यंत रस्ता, दवाखाना आणि धान्य पोचले नव्हते. निवडून येणारा प्रतिनिधी आणि गावातला कारभार यांच्यामधले अंतर किती होते, ते त्या मृत्यूंनी दाखवले.

ते अंतर कमी करण्याचे काम 1996 च्या पेसा कायद्याकडे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याकडे, आले. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात पूर्णपणे मोडतात आणि दोन्हीकडे दहापैकी नऊहून अधिक माणसे अनुसूचित जमातींची आहेत. या कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपज, जलसाठे, जमिनीचे हस्तांतर आणि गावातल्या योजना यांत अधिकार दिले. महाराष्ट्राचे नियम 2014 मध्ये झाले. महसुली गावापेक्षा लहान असलेल्या पाड्यालाही स्वतःचे गाव म्हणून जाहीर होण्याची वाट त्यांनी मोकळी केली. या भागात एक ग्रामपंचायत म्हणजे डोंगर-ओढ्यांनी तोडलेले अनेक पाडे. लांबच्या पाड्यावरची बाई ग्रामपंचायतीच्या सभेला चालत येईपर्यंत ठराव झालेले असत, म्हणून ही तरतूद इथे शहाणपणाची ठरते. 2014 मध्येच 1 ऑगस्टला पालघर जिल्हा झाला आणि जिल्ह्याचे ठिकाण ठाण्याहून जवळ आले.

ग्रामसभेपुढची मोठी अडचण मात्र कायद्यातली नाही, ती माणसे गावात नसण्याची आहे. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. पावसावरची एक पिकाची शेती उरकली की दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामावर जातात. ग्रामसभा परंपरेने 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरते. 26 जानेवारीला पाड्यावर बहुधा म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुले उरलेली असतात. 1 मेपर्यंत काही जण परततात, काहींची मालकाकडून घेतलेली उचल फिटायची असते. पेरणीच्या आधी सगळे घरी येतात, आवणी होते, आणि 15 ऑगस्टला पाड्यातली बहुतेक माणसे सभेला बसू शकतात.