शिकता शिकता कमाई: कॉलेजच्या मुला-मुलींनी कोणतं काम धरावं, कुठे विचारावं?

बारावीचा निकाल लागला की धामणगाव बढे आणि आसपासच्या गावांत घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. फी किती, एसटीचा पास किती, पुस्तकं किती, बाहेरगावी राहायचं तर खोली आणि मेसचं काय? हिशेब जुळला नाही की मुलगा गॅरेजवर, दुकानात किंवा शेतात रोजाने जातो. "एक वर्ष थांब, मग बघू" असं घरचे म्हणतात. आम्ही शिक्षक लोक बघतो की असा थांबलेला मुलगा सहसा परत वर्गात येत नाही.

शिष्यवृत्ती आणि फी सवलतीने बराच भार कमी होतो. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना ठराविक व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. आपल्यातल्या ज्या बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत त्यांनी जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला, बाकीच्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला प्रवेशाआधीच काढून ठेवावा. तरी वरखर्च उरतोच, आणि शिष्यवृत्तीचे पैसे कधी कधी वर्ष संपता संपता खात्यात येतात. ही मधली तूट भरून काढायला शिकत असताना करायचं काम उपयोगी पडतं.

ही पद्धत आपल्याच राज्यातली

'कमवा आणि शिका' ही कल्पना महाराष्ट्रात रुजवली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ मध्ये त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. तिथे सगळ्या जाती-धर्मांची मुलं एकत्र राहत, स्वतः कष्ट करत आणि शिकत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही याच तत्त्वावर. पुणे विद्यापीठाची आजची 'कमवा व शिका' योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते.

अमेरिकेत १९६४ च्या एका कायद्याने अशीच योजना आली. विद्यार्थ्याच्या पगाराचा मोठा वाटा तिथलं केंद्र सरकार देतं, आणि काम शक्यतो त्याच्या विषयाशी जुळणारं असावं अशी अपेक्षा असते. आपल्या मुलांसाठी काम शोधतानाही हीच कसोटी लावायला हवी.

कामाचे चार रस्ते

१. कॉलेजमधलं काम. ज्या कॉलेजात ही योजना आहे तिथे ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय किंवा बागेत रोज दोन-तीन तास काम मिळतं आणि तासाप्रमाणे मानधन मिळतं. रक्कम मोठी नसते, पण काम आवारातच असल्याने तास बुडत नाहीत. आपला जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. प्रवेश घेतानाच कॉलेजच्या कार्यालयात आणि विद्यार्थी विकासाचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांना विचारा: "योजना आहे का? अर्ज कधी निघतात?" जागा थोड्या असतात, उशीर केला तर संपतात.

२. अप्रेंटिसशिप. ही १९६१ च्या कायद्याखाली चालते. आयटीआय, डिप्लोमा आणि पदवीवाल्यांना इथे कामाचं शिक्षण आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन असं ठरलं: बारावी आणि आयटीआय ७,००० रुपये, डिप्लोमा ८,०००, पदवी ९,०००. दर पुढे बदलतात, म्हणून अर्ज करताना चालू दर पाहून घ्या. एसटी महामंडळ, महावितरण आणि रेल्वे यांच्या जाहिराती निघतात. मलकापूरच्याच रेल्वेलाइनवरचं भुसावळ हे मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीचं एक केंद्र आहे. तिथली निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते. म्हणून "आयटीआयला मार्कांना कोण विचारतं" असं मुलाला कधी सांगू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा: अप्रेंटिसशिप पूर्ण दिवसाची असते. नियमित कॉलेज करत ती जमत नाही. दोन्ही हवं असेल तर अप्रेंटिसशिप जोडलेला पदवी अभ्यासक्रम शोधा, नाही तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करा. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची तिथे सोय आहे.

३. अभ्यासक्रमातलंच काम. नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिप किंवा प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला क्रेडिट मिळतात. डी. फार्मला ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं. सीएच्या आर्टिकलशिपमध्ये विद्यावेतन मिळतं. बाकी ठिकाणी पैसे मिळतीलच असं नाही, म्हणून जागा निवडण्याआधी विचारून घ्या. असं काम करायचंच आहे, मग ते चांगल्या ठिकाणी करावं.

४. गावातलं काम. बी. कॉम.च्या मुलाने कर सल्लागाराकडे टॅली आणि जीएसटीचं काम शिकावं. डी. एड. किंवा बी. एड. करायचं असेल तर लहान मुलांच्या शिकवण्या घ्याव्यात. मुलींना हे घरूनही जमतं. उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येणाऱ्यांना टायपिंग, इनपेजवर उर्दू मजकूर लावणं, अर्ज आणि भाषांतर अशी कामं मिळू शकतात. फार्मसीच्या विद्यार्थ्याने मेडिकलवर साठा आणि बिलं सांभाळायला हरकत नाही, पण चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायची असतात.

इथे गल्लत होते

२०२४ मध्ये आलेल्या 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण' योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये असं विद्यावेतन ठरलं. पण ज्यांचं शिक्षण चालू आहे त्यांच्यासाठी ही योजना नाही. तिच्यासाठी कॉलेज सोडू नका. ते प्रशिक्षण काही महिन्यांचं आहे, पदवी आयुष्यभर कामाला येते.

काम धरण्याआधी पाच प्रश्न

- हे काम माझ्या विषयाशी जुळतं का? वर्षभराने मला यातून काय येत असेल?
- ७५ टक्के हजेरी भरेल का? परीक्षेच्या काळात सुट्टी मिळेल का?
- पैसे किती, कोणत्या तारखेला आणि खात्यात जमा होणार का?
- शेवटी अनुभवाचं पत्र मिळेल का?
- काम देण्याआधी कोणी पैसे मागतंय का? 'रजिस्ट्रेशन' किंवा 'डिपॉझिट'च्या नावाने घरबसल्या डेटा एंट्रीचं काम देणाऱ्यांपासून लांब राहा.

पालकांसाठी

मुलाची कमाई घरखर्चात मिसळली की शिक्षण मागे पडायला लागतं. त्याच्या नावाने बँकेत खातं असू द्या, आणि त्यातून आधी पास, पुस्तकं, परीक्षा फी भरू द्या. आठवड्याला पंधरा तासांपेक्षा जास्त काम होत असेल तर अभ्यासावर लक्ष ठेवा. दुकानात बसून दोन हजार जास्त मिळतात म्हणून प्रयोगशाळेतलं काम सोडायला लावू नका. हाच अनुभव पुढे मुलाखतीत उपयोगी पडतो.

मुलींच्या बाबतीत काम कुठे आहे, जायला-यायला एसटी कोणत्या वेळेला आहे, हे आधीच ठरवलं तर घरात नंतर वाद होत नाहीत. कॉलेजच्या ग्रंथालयातलं काम किंवा शिकवणी असेल तर "बाहेर कशाला पाठवायचं" हा प्रश्नही उरत नाही.

प्रवेशाच्या दिवशी आधार कार्ड, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट आणि फोटो यांच्या दोन-दोन प्रती सोबत न्या. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि 'कमवा आणि शिका'ची चौकशी त्याच दिवशी उरकून घ्या.