एडवर्ड वेस्टन यांची ढोबळी मिरची

‘पेपर नं. ३०’ हे विसाव्या शतकातील अत्यंत परिचित कृष्णधवल छायाचित्रांपैकी एक. नावातील ‘पेपर’ म्हणजे ढोबळी मिरची. अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन (१८८६-१९५८) यांनी ते ऑगस्ट १९३० मध्ये कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे टिपले. प्रथमदर्शनी मात्र मिरची दिसतच नाही. पाठ वळवून, अंग आवळून बसलेली मानवी आकृती असावी असा भास होतो.

वेस्टन यांची सुरुवात अगदी वेगळी होती. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात स्टुडिओ थाटल्यानंतर ते तत्कालीन रिवाजाप्रमाणे धूसर, चित्रकलेचे अनुकरण करणारी व्यक्तिचित्रे काढीत. १९२२ मध्ये ओहायोतील पोलाद कारखान्याची धुराडी टिपताना आणि १९२३ पासूनच्या मेक्सिकोतील वास्तव्यात ही धूसरता गळून पडली. १९२७ मध्ये चित्रकर्ती हेन्रिएटा शोर यांच्याकडील शंख पाहून त्यांनी शंखांची मालिका केली. ती छायाचित्रे टीना मोदोत्ती यांनी मेक्सिकोत दिएगो रिव्हेरा यांच्यासह काही चित्रकारांना दाखविली, तेव्हा त्यांत कामुकता असल्याचे मत पुढे आले. वेस्टन यांनी हा अर्थ दैनंदिनीत ठामपणे नाकारला. वस्तूचे सत्त्व दाखवावे, एवढाच आपला हेतू असल्याचे ते सांगत.

मिरचीच्या बाबतीतही हाच वाद होता. साध्या पार्श्वभूमीवर काढलेल्या अनेक निगेटिव्हनी वेस्टन यांचे समाधान होईना. अखेर त्यांनी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली आणि प्रश्न सुटला. नरसाळ्याच्या वक्र पृष्ठावरून परतलेला प्रकाश मिरचीच्या कडांवर पडला, मागे गडद अवकाश उरला आणि प्रत्येक वळण उठून दिसू लागले. भिंगाचे छिद्र अतिशय लहान ठेवल्यामुळे पुढची-मागची सारी वळणे रेखीव आली. त्याची किंमत म्हणून एक्स्पोजर मात्र दीर्घ द्यावे लागले. ८ बाय १० इंची निगेटिव्हवरून थेट कॉन्टॅक्ट प्रिंट काढल्याने सालीवरची चकाकी आणि डागही जसेच्या तसे उतरले. आपण निव्वळ वस्तू दाखवितो, हे वेस्टन यांचे म्हणणे प्रामाणिक असेलही. पण मिरचीला शरीराची घडण देणारा प्रकाश त्यांनीच योजिला होता, हे कसे विसरावे? स्वतः वेस्टन यांनीही ही मिरची असूनही मिरचीहून अधिक काही आहे, अशी नोंद केली. काम संपल्यावर आपली ही ‘मॉडेल्स’ ते खाऊन टाकीत, हेही दैनंदिनीतच वाचायला मिळते.

१९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, इमोजेन कनिंगहॅम आदींसमवेत वेस्टन ‘ग्रुप एफ/६४’मध्ये सामील झाले. भिंगाच्या लहान छिद्राचा आकडाच या गटाने नाव म्हणून घेतला होता. १९३७ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळविणारे ते पहिले छायाचित्रकार ठरले. पुढे कंपवाताने त्यांना ग्रासले. १९४८ मध्ये कार्मेलनजीकच्या पॉइंट लोबोस येथे त्यांनी अखेरचे छायाचित्र घेतले. त्यांच्या निगेटिव्ह आणि कागदपत्रांचा संग्रह ॲरिझोनातील टूसॉन येथील ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफी’मध्ये जतन केलेला आहे.