मृगाचा पवित्रा

तापीकाठचे कामरेज हे गाव आज सुरत जिल्ह्यात मोडते. परंतु १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत ते गायकवाडांच्या नवसारी प्रांतातील तालुक्याचे ठिकाण होते. याच प्रांताच्या पूर्व भागात व्यारा आणि सोनगड यांची राने होती; सोनगड ही तर गायकवाडांची पहिली राजधानी. अशा रानांतील मृग शिकारीत पडला, की त्याच्या कातड्याला दोन वाटा मोकळ्या असत. एक दिवाणखान्याच्या भिंतीकडे जाई, दुसरी संग्रहालयाच्या काचेच्या कपाटाकडे. सयाजीराव महाराजांनी बडोद्यास उभारलेल्या संग्रहालयाची इमारत १८९४ साली पुरी झाली आणि तेथे कलावस्तूंच्या जोडीला प्राणिसृष्टीलाही स्थान मिळाले. मृग कोणत्या वाटेने गेला, हे पुष्कळदा त्याच्या पवित्र्यावरूनच ओळखता येते.

मराठीत या विद्येला ‘पेंढा भरणे’ म्हणतात, आणि एके काळी ते अक्षरशः खरे होते. कातडे शिवून त्यात पेंढा किंवा भुसा ठासावयाचा, एवढेच काम असे. अठराव्या शतकात बेकूर या फ्रेंच औषधविक्रेत्याने सोमल घातलेला साबण तयार केला. त्यामुळे कातडे कसरीपासून वाचले. पण प्राण्याचा आकार मात्र पोत्यासारखाच राहिला. खांदा कोठे संपतो, बरगडी कोठे सुरू होते, हे पेंढ्याला काय ठाऊक?

शिकाऱ्याला त्याची फारशी खंतही नव्हती. त्याची नजर शिंगांवर असे. लंडनच्या रोलंड वॉर्डने १८९२ साली जगातील शिकारीच्या जनावरांच्या शिंगांची मापे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, आणि इंचांची चढाओढ वाढली. मग मृगाचे केवळ मस्तक आणि मान फळीवर बसवून भिंतीवर टांगावयाची, मुद्रा समोर रोखलेली, शिंगे स्पष्ट दिसतील अशी. हा पवित्रा मृगाचा नव्हे. तो शिकाऱ्याच्या अभिमानाचा होय.

ही दृष्टी पालटण्यास मोठा हातभार लावला तो कार्ल एकली या अमेरिकन कारागिराने. शिकागोच्या फील्ड संग्रहालयासाठी त्याने विसाव्या शतकाच्या आरंभी चारही ऋतूंतील हरणांचे चार देखावे सिद्ध केले. प्रथम स्नायूंसह मातीची मूर्ती घडवावयाची, तिच्या साच्यातून हलका, पोकळ देह काढावयाचा, आणि मग त्यावर कातडे चढवावयाचे, ही त्याची रीत. कारागीर येथे मूर्तिकार झाला.

मात्र मूर्ती घडविण्यापूर्वी पवित्रा ठरवावा लागतो, आणि तेथेच ज्ञानाची कसोटी लागते. चितळाला संशय आला म्हणजे तो मान उंचावतो, कान धोक्याच्या दिशेस वळवितो आणि पुढचा एक पाय आपटतो. तो पाय उचललेला दाखवावयाचा, तर देहाचा भार उरलेल्या तीन पायांवर कसा वाटला जातो आणि खांदा कसा हलतो, हे ठाऊक हवे. चितळाची शिंगे गळतात आणि पुन्हा उगवतात. नवी शिंगे वाढत असताना त्यांवर मखमली कातडे असते व ती नाजूक असतात. असा नर शिंगांनी झुंजत नाही. तेव्हा मखमली शिंगांच्या नराला झुंजीत उभा करणे म्हणजे असत्य सांगणे. डोळ्याची बाहुलीसुद्धा आडवी लांबट हवी. ती वाटोळी बसविली, की सारी मेहनत फुकट जाते.

मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ साली झाली. तिच्या संग्रहाच्या आधारे १९२० नंतरच्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्राणिविभाग उभा राहिला. एस. एच. प्रेटर यांनी परदेशांतील नव्या पद्धती अभ्यासून तो घडविला. त्यामुळे ज्या मुलाने रान कधीच पाहिले नाही, त्याला प्राणी त्याच्या परिसरासह पाहता येऊ लागला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची वाट बंद झाली; शिकारीच्या मस्तकांसाठी ख्यातनाम असलेला म्हैसूरचा व्हॅन इंगेन कारखानाही १९९९ साली बंद पडला. पण विद्या मेली नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ साली वन्यप्राण्यांच्या चर्मपूरणाचे केंद्र निघाले. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे अध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांच्या परिश्रमांतून ते उभे राहिले. तेथे प्राणी मारला जात नाही. मेलेल्याला आकार दिला जातो.

मेलेला मृग स्वतःविषयी काहीच सांगू शकत नाही. त्याला जसा उभा करावा, तसाच तो पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो, आणि पाहणारे मूल तेच सत्य मानते. म्हणून पवित्रा निवडणे ही केवळ हातचलाखी नव्हे. ती मुक्या जिवाच्या वतीने दिलेली साक्ष आहे, आणि साक्ष खरीच द्यावी लागते.