काळ्या पडद्याचं गोत्र

सांगलीत विश्रामबागेला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९४७ साली सुरू झालेलं. तिथे विद्यार्थ्यांचा एक गट आहे, वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप. वरच्या वर्गातली मुलं नव्याने आलेल्यांना लिनक्स ही संगणकप्रणाली शिकवतात. अशा शिकवणीचा श्रीगणेशा सगळीकडे सारखाच असतो. काळा पडदा उघडायचा, लुकलुकणाऱ्या खुणेपुढे दोन-तीन अक्षरं टाइप करायची आणि एंटर दाबायचं. 'एलएस' लिहिलं की फोल्डरात काय-काय आहे त्याची यादी येते. 'सीडी' लिहून फोल्डरचं नाव दिलं की त्या फोल्डरात जाता येतं. 'पीडब्ल्यूडी' लिहिलं की आपण आत्ता नेमके कुठे आहोत ते कळतं. रस्ते बांधणाऱ्या खात्याचं हेच नाव आपल्या कानावर लहानपणापासून पडलेलं असल्यामुळे ही आज्ञा मुलं कधी विसरत नाहीत.

जत, आटपाडी, माण, खटाव अशा भागांतून आलेल्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर या पडद्यासमोर एक धास्ती मी पाहिली आहे. ना चित्र, ना बटण, नुसती इंग्रजी अक्षरं. हे इंग्रजी शाळेतल्या पोरांचं काम, असं त्यांना वाटतं. ते खरं नाही. अक्षरं रोमन असली तरी ही भाषा इंग्रजी नव्हे. हिचं गोत्र शोधत मागे गेलं तर तार आणि टाइपरायटर सापडतात. ही दोन्ही यंत्रं कृष्णाकाठाला चांगली ओळखीची होती.

आधी तारेचं. मिरजेसारख्या जंक्शनात, तालुक्याच्या पोस्टात कट्ट-कडकट्ट चालायची. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसं शब्द तोलून लिहीत. सातारा जिल्हा फौजी जवानांचा. अपशिंगे गावाच्या तर नावापुढेच मिलिटरी हा शब्द लागलेला. तिथल्या घरातून पलटणीत तार जायची ती चार शब्दांची: मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. ज्या माउलीसाठी ती जायची तिला इंग्रजी येत नसे, पोस्टापर्यंत जाणाऱ्या पोरालाही ते बेताचंच. पण त्या चार शब्दांनी काय घडतं हे दोघांना नेमकं ठाऊक होतं. रजा मंजूर होते, मुलगा गाडीत बसतो. वाक्याचं व्याकरण न येता त्याचं काम माहीत असणं, हीच तर आज्ञेची खरी ओळख.

शुभेच्छांच्या तारेत तर याहून पुढची युक्ती होती. लग्नाच्या, सणाच्या, परीक्षेतल्या यशाच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. आपण क्रमांक निवडायचा, तारेतून तेवढा आकडा जायचा आणि पलीकडचा तारबाबू पूर्ण वाक्य कागदावर उतरवून द्यायचा. इकडे छोटी खूण, तिकडे तिचा मोठा अर्थ. 'एलएस' ही दोन अक्षरं संगणकात नेमकं हेच करतात.

तार अक्षरांत छापणाऱ्या यंत्रांच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं नाव फ्रान्सच्या एमिल बोदो यांचं. १८७४ साली त्यांनी पेटंट घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षर विजेच्या पाच ठोक्यांत बसवलेलं होतं. ठोका आहे किंवा नाही, एवढ्यावर बत्तीस खुणा. मोडेमचा वेग 'बॉड'मध्ये सांगायचे, ते नाव यांचंच. पुढे या पद्धतीला टाइपरायटरचा कळफलक जोडला गेला आणि टेलिटाइप यंत्र तयार झालं. इथे टाइप केलं की दूरवरच्या यंत्रावर आपोआप छापून निघायचं. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रात्रभर बातम्या ओकणारा टेलिप्रिंटर जुन्या पत्रकारांना आठवत असेल. तो याच घराण्यातला.

या वंशातली टाइपरायटरची बाजू आपल्या अधिक जवळची. दहावी झाली, आता टायपिंगला जा, असं ऐकलेल्या दोन-तीन पिढ्या सांगली-साताऱ्यात आजही भेटतील. मीही त्यातलाच. पत्र्याच्या छताखाली वीस यंत्रं, आणि पहिले पंधरा दिवस एकच ओळ: ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. तिला अर्थ नव्हता. ती बोटांना शिकवायची होती, डोक्याला नाही. मग सरकारी परीक्षा, इंग्रजी तीस, इंग्रजी चाळीस, मराठी तीस. गोदरेजने १९५५ साली देशी बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. याच कंपनीच्या टाइपरायटरचा शेवटचा मुक्काम सातारा जिल्ह्यातला, खंडाळा तालुक्यातल्या शिरवळचा. तिथलं उत्पादन २००९ साली थांबलं. पुण्याहून साताऱ्याकडे येताना शिरवळ लागलं की मला अजून त्या यंत्रांची घंटी आठवते. ओळ संपत आली की ती वाजायची. घंटी ऐकली की डाव्या हाताने दांडी ढकलायची. त्या एका झटक्यात कॅरेज मूळ जागी यायचं आणि कागद एक ओळ वर सरकायचा.

दिसायला झटका एकच, पण कामं दोन होती. टेलिटाइपमध्ये त्या दोन कामांसाठी दोन वेगळ्या खुणा पाठवाव्या लागत. पहिली, छापणारं डोकं ओळीच्या सुरुवातीला नेणारी, कॅरेज रिटर्न. दुसरी कागद सरकवणारी, लाइन फीड. १९६३ साली आस्की ही १२८ खुणांची संकेतावली ठरली, तीत या दोन्ही खुणा आल्या. पुढे घराण्यात वाटण्या झाल्या. युनिक्स या प्रणालीने, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजाने, ओळ संपवायला फक्त लाइन फीड ठेवली. सीपीएम या जुन्या प्रणालीने आणि तिच्यामागून डॉसने दोन्ही ठेवल्या, विंडोजलाही तोच वारसा मिळाला. म्हणून विंडोजवर लिहिलेली आज्ञांची फाइल लिनक्सवर चालवायला गेलं की ती कधीकधी अडते. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी कॅरेज रिटर्नची खूण शिल्लक असते. पहिल्यांदा हे माझ्यापुढे आलं तेव्हा अख्खी दुपार गेली. चूक सापडली तेव्हा मात्र आनंद झाला, कारण ती दांडी माझ्या डाव्या हाताच्या ओळखीची होती.

१९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं, तेव्हा आज्ञा द्यायला आजच्यासारखा पडदा नव्हता. टेलिटाइपचं ३३ क्रमांकाचं यंत्र होतं. त्याच्या कळा जड होत्या आणि सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापली जायची. एकेक अक्षर वाचवणं म्हणजे बोटांचे श्रम आणि वेळ वाचवणं. म्हणून 'कॉपी'चं सीपी झालं, 'मूव्ह'चं एमव्ही, 'रिमूव्ह'चं आरएम. इंग्रजी शब्दांची एवढी मोडतोड झाली की इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलालाही हे पाठच करावं लागतं. इस्लामपूरचं आणि बोस्टनचं पोर इथे एकाच बाकावर बसतं.

कागदावर छापलेलं पुसता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या युनिक्समध्ये चुकीचं अक्षर पडलं की पुढे चौकटीची (#) खूण टाइप करायची, म्हणजे मागचं अक्षर रद्द. सगळी ओळच बिघडली तर 'अॅट'ची खूण. आज ईमेलच्या पत्त्यात बसलेली ती खूण तेव्हा ओळी खोडायचं काम करत होती. काम नीट झालं की आज्ञा काहीच बोलत नाही, फक्त पुढची ओळ मागते, ही रीतही कागदाच्या काळाशी जुळणारी. नवख्यांना या अबोल्याची भीती वाटते. 'सीपी' दिलं, उत्तरच नाही, म्हणजे बिघडलं का? नाही. बिघडलं असतं तर ती बोलली असती. आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटवण्याला आजही 'प्रिंट' म्हणतात.

आज्ञा वाचून त्या पार पाडणाऱ्या भागाला 'शेल' हे नाव फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझाँ यांनी १९६०च्या दशकात दिलं. स्टीव्हन बोर्न यांचं शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलं. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी 'बॅश' लिहिलं, आणि आज वर्गात मुलांसमोर बहुधा तेच असतं. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स जगाला मोकळं करून दिलं.

हे सगळं आपल्याकडे पोचलं कसं? बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस यांनी बेंगळुरूत १९८९ साली सिक्स नावाची फोनवरून जोडली जाणारी सेवा सुरू केली. तीही सगळी अक्षरांचीच. १९९६ साली पीसी क्वेस्ट मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी वाटली, त्यामागे चिटणीस यांचा पुढाकार होता. इंटरनेटवरून एवढं मोठं काही उतरवून घेणं गावाकडे अशक्यच होतं. स्टॉलवर मासिक मात्र मिळायचं. एक सीडी वसतिगृहभर फिरायची. सोबतीला नागपूरच्या यशवंत कानेटकरांची संगणकावरची पुस्तकं असत. चिटणीस २०१३च्या जूनमध्ये गेले. सीमाभागाने या माणसाची आठवण अधिक ठळकपणे ठेवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

आता आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजातही ऐकता येतात. पडद्यावर 'एलएस' तसंच राहतं, भोवतीचं समजावणं मराठीत होतं. मला ही वाटणी रास्त वाटते. टायपिंगच्या वर्गातही असंच होतं. ए एस डी एफ कळांवर, आणि सरांचं 'करंगळी उचल, मनगट टेकवू नकोस' मराठीत.

१४ जुलै २०१३च्या रात्री देशातली तारसेवा बंद झाली. शिरवळचा टाइपरायटर त्याआधीच थांबला होता.

शिकायला बसलेल्या मुलांना मी शेवटी एक आज्ञा द्यायला लावतो, 'टीटीवाय'. हे टेलिटाइपचं संक्षिप्त रूप. आज्ञेचा अर्थ, मी कोणत्या टेलिटाइपवर बसलो आहे? मांडीवरच्या लॅपटॉपला खरं तर या प्रश्नाचं नवल वाटायला हवं. पण तो शांतपणे उत्तर छापतो: डेव्ह, पीटीएस, शून्य. त्यातल्या 'पी'चा अर्थ आभासी. म्हणजे समोर यंत्र नसलं तरी संगणक ते आहे असंच धरून चालतो, आपल्या नोंदवहीत त्याला क्रमांक देतो आणि पुढच्या ओळीची वाट पाहत थांबतो.