टाळेबंदी आणि भेटीचे गीत

टाळेबंदीनंतरच्या आप्तभेटीवर रचलेली लोकप्रिय गीते वाङ्मयेतिहासात कोठे ठेवावीत? भेटीची आस मराठीस नवी नाही. जात्यावरील ओवीत ती माहेराची आहे. संतांनी पंढरीसच माहेर म्हटले. मात्र त्या विरहास पंचांगाची मर्यादा होती. आषाढी ठरलेली असे. मार्च २०२० मध्ये ती मर्यादा हरपली. २०२० व २०२१ मध्ये मानाच्या पालख्यांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या; नगर जिल्ह्यातून जाणारी निवृत्तिनाथांची पायी वारीही खंडित झाली. २०२२ मध्ये वारी पूर्ववत निघाली, तेव्हा वारकऱ्यांच्या मुखी जुनेच अभंग होते. त्यांत विरहाचे प्रासंगिक कारण नोंदलेले नसते. म्हणूनच ते या नव्या विरहासही पुरले. नवे गीत कारण नोंदविते. ते काळाचा दस्तऐवज म्हणून मोलाचे ठरेल. परंतु पुढील पिढी ते गाईल काय, हा प्रश्न उरतोच.