सायकलशर्यतीचा कलंक आणि कुस्तीचा आखाडा

पारगांवच्या पंचक्रोशींत, किंबहुना जुन्नर-आंबेगांवच्या साऱ्या मुलखांत, जत्रेच्या दिवसांत बैलगाड्यांच्या शर्यती होतात आणि कुस्त्यांचे फड रंगतात. पाठ मातीला लागली कीं निकाल लागला. जिंकणाऱ्याला इनाम तेथल्या तेथें मिळतें. त्यानें आदल्या दिवशीं काय खाल्लें, काय प्यालें, याची चौकशी करण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. आंतरराष्ट्रीय सामन्यांचा निकाल मात्र आज इतका सरळ राहिलेला नाहीं. तेथें मैदानांतील निकालावर प्रयोगशाळेचा शिक्का बसावा लागतो. हा पालट घडविण्यांत फ्रान्समधील एका सायकलशर्यतीचा मोठा वांटा आहे, आणि त्याची झळ पुढें महाराष्ट्राच्या एका मल्लालाहि लागली.

‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ सालीं सुरू झाली. उंच घाट ओलांडीत सुमारें तीन आठवडे धांवणाऱ्या धंदेवाईक स्वारांत उत्तेजक द्रव्यांची संवय जुनीच होती. १३ जुलै १९६७ रोजीं टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्वार मों व्हांतूच्या चढणीवर कोसळला व मरण पावला. त्याच्या शरीरांत अँफेटामिन सांपडलें. जग हळहळलें, पण संवय सुटली नाहीं.

८ जुलै १९९८ रोजीं, शर्यत सुरू होण्यास तीन दिवस उरले असतां, बेल्जमच्या सरहद्दीवर फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनीं एक मोटार अडविली. ती फेस्टिना संघाची असून संघाचा मालिशवाला विली व्होएट ती चालवीत होता. आंत उत्तेजक औषधांच्या शेंकडों कुप्या निघाल्या. त्यांतील प्रमुख औषध एरिथ्रोपोएटिन. त्यानें रक्तांतील तांबड्या पेशी वाढतात, रक्त अधिक प्राणवायु वाहून नेतें आणि थकवा उशिरां येतो. तें ओळखण्याची मान्य चांचणीच त्या काळीं नव्हती. म्हणून चांचणींतून सहीसलामत सुटणारा स्वार निर्दोष असेलच असें मुळींच नव्हतें. संघाचा संचालक व वैद्य यांना अटक झाली आणि १७ जुलैला संघ शर्यतींतून काढला गेला. पोलिसांच्या झडत्यांचा निषेध म्हणून २९ जुलैला स्वार रस्त्यावर बसले. निघालेल्या १८९ स्वारांपैकीं पॅरिसला पोंचले अवघे ९६. फेस्टिनाचा नामवंत स्वार रिशार व्हिरांक दोन वर्षें कानांवर हात ठेवून होता. ऑक्टोबर २००० मध्यें लील येथील न्यायालयांत त्यानें अखेर कबुली दिली.

या प्रकरणानें एक गोष्ट उघड केली: चोरी पकडली ती जकातवाल्यांनीं व पोलिसांनीं, खेळाच्या चालकांनीं नव्हे. फेब्रुवारी १९९९ मध्यें लोझान येथें जागतिक परिषद भरली आणि त्याच वर्षीं १० नोव्हेंबरला जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली. तिची संहिता १ जानेवारी २००४ पासून अमलांत आली. निषिद्ध द्रव्य शरीरांत सांपडलें कीं नियमभंग झाला. हेतु सिद्ध करावा लागत नाहीं. शिक्षेंतून सूट हवी असल्यास द्रव्य शरीरांत कसें गेलें हें खेळाडूनेंच दाखवावें. हें तत्त्व अगदीं नवें नव्हतें. तें आतां देशोदेशींच्या खेळांना एकसारखें लागू झालें. तरीहि लबाडी संपली नाहीं. १९९९ ते २००५ या काळांत सात वेळां टूर जिंकणाऱ्या लान्स आर्मस्ट्राँगचीं सारीं विजेतेपदें २०१२ सालीं काढून घेण्यांत आलीं.

हाच नियम २०१६ सालीं नरसिंग यादव यांच्यापुढें उभा राहिला. मुंबईंत वाढलेले, २०११ पासून सलग तीन वेळां ‘महाराष्ट्र केसरी’ झालेले हे मल्ल महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी होते. २०१५ मध्यें लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळवून त्यांनीं ७४ किलो गटांत भारतासाठीं रिओ ऑलिंपिकची जागा मिळविली. त्या जागेसाठीं सुशील कुमार यांनीं मागितलेली निवडकुस्ती दिल्ली उच्च न्यायालयानें नाकारली, आणि थोड्याच आठवड्यांत नरसिंग यांच्या नमुन्यांत मेथँडायनोन हें स्नायू वाढविणारें द्रव्य सांपडलें. आपल्या पेयांत तें कोणीतरी मिसळलें, असें त्यांचें म्हणणें होतें. १ ऑगस्टला राष्ट्रीय समितीनें तें मान्य केलें. जागतिक संस्थेनें त्यावर अपील केलें. १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशीं, रिओंतील क्रीडा लवादानें घातपाताचा पुरावा अपुरा ठरवून चार वर्षांची बंदी घातली. ती कुस्ती झालीच नाहीं.

सामान्य न्यायालयांत आरोप सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो. येथें तो एकट्या खेळाडूच्या शिरावर आला. ही कठोरता अकारण जन्मलेली नाहीं. ‘मला ठाऊक नव्हतें’ हें वाक्य सायकलस्वारांनीं इतक्या वेळां खोटेंपणानें उच्चारलें कीं, पुढें तें खरेपणानें उच्चारणाऱ्यावरहि कोणी केवळ शब्दाखातर विश्वास ठेवीना. लबाडाचें कर्ज लबाडाबरोबर फिटत नाहीं. तें पुढच्या पिढीच्या माथीं बसतें. पारगांवच्या जत्रेंत इनाम सूर्यास्तापूर्वीं हातीं पडतें, कारण प्रेक्षकांचा मल्लाच्या शब्दावर अजून विश्वास आहे. तो विश्वास एकदां गेला, कीं प्रयोगशाळेच्या शंभर शिक्क्यांनींहि पुरता परत येत नाहीं.